नळ पूर्ण सोडलाय का?

सहाव्या मजल्यावरच्या त्या घराची बेल दाबताना गिझरबाईंच्या मनात जे काही आलं ते कागदावर लिहिण्यासारखं नाही. पंधरा दिवसांतली ही चौथी खेप. लिफ्ट आजही बंद. खांद्यावर हत्यारांची पिशवी, हातात तक्रारीचा कागद, आणि कागदावर मागच्या तीन वेळचेच चार शब्द: 'मध्येच विझतो, पाणी थंड.'

अहो, विझतो म्हणजे काय विझतो? गिझर कोरा करकरीत. बाईंनी स्वतःच्या हातानं बसवलेला, तोही बाथरूममध्ये नाही, बाहेरच्या गॅलरीत, मोकळ्या हवेवर. आत बसवा म्हणून गिऱ्हाइकं अक्षरशः गळ्यात पडतात. बाई ऐकत नाहीत. बंद खोलीत गॅस जळत राहिला की आंघोळीला गेलेला माणूस बाहेर येत नाही, एवढं एकदा सांगतात आणि पिशवी उचलतात. गळती आहे का म्हणून सांधा न् सांधा साबणाच्या फेसानं तपासणारी ही बाई. आणि तिच्याच गिझरची चौथी तक्रार!

बरं, यंत्र म्हणावं तर इतकं सरळ की बोलायची सोय नाही. टाकी नाही, साठा नाही. नळ सोडला की पाणी यंत्रातून धावतं, पाण्याच्या जोरानं आतला रबरी पडदा उचलला जातो, गॅस सुटतो, ठिणगी पडते, भप्प. नळ बंद केला की गिझर बंद. पाणी वाहतंय तोवर गरम. फक्त पाण्याला जोर हवा. धार बारीक झाली की पडदा खाली बसतो आणि ज्योत जाते. जायलाच हवी, नाहीतर आतली तांब्याची नळी करपेल.

पहिल्या खेपेला बाईंनी जाळी काढून धुतली. दुसऱ्या खेपेला सेल बदलले. तिसऱ्या खेपेला नवा पडदा घातला आणि पाण्याचा जोर मोजला. भरपूर! दर वेळी नळ सोडून दहा-दहा मिनिटं उभ्या राहिल्या, गिझर काही विझला नाही. घरातला मुलगा आंघोळ करतो, वाफेनं आरसा धुरकटतो. सून करते, तेच. विझतो तो फक्त सासऱ्यांच्या, अप्पांच्या आंघोळीला. आता गिझरला काय माणसं ओळखू येतात?

दार सूनबाईंनी उघडलं. "आलात? या. आजही पाच मिनिटांत विझला. पहिली बादलीसुद्धा भरली नाही."

आतून खोकला ऐकू आला. कोरडा, एकामागून एक.

"ऐकताय ना?" सूनबाई म्हणाल्या. "महिना झाला या खोकल्याला. डॉक्टर म्हणतात गरम पाण्यानं आंघोळ करा. कशानं करायची? मी सांगून ठेवते बाई, आज शेवटचं. आज अप्पांची आंघोळ गरम पाण्यानं झाली तर मी सही करीन. नाहीतर यंत्र काढून घेऊन जा, आणि मी ऑफिसला लिहून देणार की बसवणाऱ्या बाईंना काम येत नाही."

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. लिहून दिलं की संपलं. एका घरची चौथी तक्रार मिटली नाही की मेकॅनिकचं नाव यादीतून काढायचं, असा नियम साहेबांनी केला होता. साहेबांनी स्वतः आयुष्यात एक नट फिरवला नव्हता, पण उंटावरून शेळ्या हाकायला नट फिरवावा लागत नाही. यादीतून नाव गेलं की बाई परत फोनच्या टेबलावर.

त्या टेबलावर बाईंनी नऊ वर्षं काढली होती. समोर एक छापील कागद, कानाला फोन, आणि पलीकडून दिवसभर 'पेटत नाही, पेटत नाही'. कागदावरचा पहिलाच प्रश्न: 'नळ पूर्ण सोडून पाहिलात का?' नऊ वर्षांत या प्रश्नाला एकाही माणसानं 'नाही' म्हटलं नव्हतं. सगळे म्हणायचे, हो, पूर्ण सोडलाय. आणि निम्म्या घरी मेकॅनिक जाऊन काय करायचा, तर नळ पूर्ण सोडायचा. बाईंचं डोकं फिरायचं. शेवटी त्याच म्हणाल्या की मला हत्यारं द्या, मी जाते. हसले लोक. बाई शिकल्या, परीक्षा दिली, पाना हातात धरला. गेल्या दोन वर्षांत एक वाकडा सांधा कुणी दाखवला नाही. आता परत त्या खुर्चीवर बसायचं? त्यापेक्षा रोज सहा मजले दहादा चढलेले बरे.

अप्पा जेवणाच्या टेबलाशी पेपर पसरून बसले होते. ताठ, उंच, अठ्ठ्याहत्तरीचे. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून त्यांनी चौतीस वर्षं काढली होती. दुकानातला तराजू लांबून बघून सांगायचे म्हणे, किती ग्रॅमनं खोटा आहे ते.

"अप्पा," बाईंनी आवाज शक्य तितका गोड केला, "नळ पूर्ण सोडता ना?"

"तुम्ही हे मागच्या तिन्ही वेळा विचारलंत."

"चौथ्यांदा विचारते."

"पूर्ण."

"आणि गार पाण्याचा नळ?"

"बंद."

"बादली भरायला किती वेळ लागतो?"

"बाई, मिनिटाला तीन लिटर लागतात हे तुम्हीच मला सांगितलंत. तेवढे असतात. माप मला कळतं." एवढं बोलून अप्पा पेपरात शिरले.

आता अशा माणसापुढं काय बोलणार? ज्याच्या शब्दावर दुकानांना कुलपं लागली, त्याला 'तुम्ही खोटं बोलता' म्हणायचं? तिन्ही वेळा बाईंनी गुमान विश्वास ठेवला होता. पण आज गळ्याशी आलं होतं.

"ठीक आहे. मग माझ्यासमोर आंघोळ करा."

सूनबाईंनी 'अं?' केलं. अप्पांनी पेपर खाली ठेवला.

"म्हणजे तुम्ही आत, दार लावून," बाई घाईघाईनं म्हणाल्या. "मी गॅलरीत, गिझरपाशी. ज्योत मी बघते, पाणी तुम्ही बघा. खोट कुठं आहे ते तरी कळेल."

"माझी आंघोळ झालेली आहे."

"गार पाण्यानं!" सूनबाई कडाडल्या. "अर्धी! चला उठा अप्पा. हा घ्या टॉवेल."

अप्पा उठले. नाइलाजानं उठलेला माणूस जेवढा वेळ लावतो तेवढा वेळ लावून बाथरूममध्ये गेले आणि दार लागलं.

बाई गॅलरीत उभ्या राहिल्या. पुढ्यात पांढरा गिझर, त्याच्या पोटाशी ज्योत बघायची बारकी खिडकी. मधल्या भिंतीला वर एक झरोका होता, त्यातून आतलं सगळं ऐकू येत होतं. आत बराच वेळ काहीच झालं नाही. मग खुडबुड. मग टिक-टिक-टिक, भप्प. निळी ज्योत.

"पेटला!" बाई ओरडल्या.

ज्योत थरथरली, लहान झाली आणि गेली.

"विझला," आतून अप्पा म्हणाले.

"दिसलं मला! नळ सोडा अजून!"

"सोडलाय."

"पूर्ण सोडा!"

"पूर्णच आहे!"

बाईंनी कान दिला. बादलीत पाणी पडत होतं, पण कसं? पूर्ण सोडलेला नळ बादलीत धो-धो आदळतो. ही धार नुसती चुळचुळत होती. हट्टी म्हातारा! पाणी वाचवतोय, दुसरं काय! मोजूनमापून जगायची सवय, हात सैल सुटत नाही. आणि या असल्या कंजूषपणापायी माझी पोटाची भाकरी जाणार?

"अप्पा, डावीकडे फिरवा! आणखी!"

"अहो, फिरत नाही आता! संपला नळ!"

इथं बाईंचा तोल गेला. वळून त्या सूनबाईंना म्हणाल्या, आणि हळू म्हणायचं होतं ते मोठ्यानंच म्हणाल्या, "नाचता येईना अंगण वाकडं, त्यातली गत! चोर सोडून संन्याशाला फाशी चाललीय. गिझरला काही झालेलं नाही!"

आतलं पाणी थांबलं. झरोक्यातून सगळं जसं बाहेर येत होतं तसं आतही जात होतं, हे बाईंच्या उशिरा ध्यानात आलं.

"मग नळाला काय झालंय?" सूनबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा दुखावलेला होता, कारण नळ त्यांनी हौसेनं निवडलेले होते. गोल, चकचकीत, आरशासारखे. "मागच्या वेळी मी तुमच्यासमोर दोन बोटांनी फिरवून दाखवला. लोण्यासारखा फिरतो."

खरं होतं. बाईंनी स्वतःही फिरवून पाहिला होता.

पाचेक मिनिटांनी अप्पा बाहेर आले. कपडे घातलेले, केस ओले, ओठ जरा निळसर. बाईंकडे न बघता ते आपल्या खोलीकडे गेले. सूनबाई त्यांच्यामागून चहा, शाल, काय-काय घेऊन धावल्या, आणि बाई हात पुसत बाथरूममध्ये शिरल्या.

बादली पाव भरलेली. बाईंनी बोट घातलं. गार. मग नळाकडं पाहिलं.

गरम पाण्याच्या नळाच्या त्या गोल गुळगुळीत मुठीला एक हातरुमाल बांधलेला होता. साधी गाठ नव्हती. दोन-तीन वेढे घेऊन, दातांनी ओढून घट्ट केल्यासारखी गाठ होती, आणि रुमालाचं एक टोक पिळवटून दोरीसारखं झालं होतं. ते टोक धरून कुणीतरी जीव खाऊन ओढलं होतं. खाली फरशीवर साबण नव्हता, तांब्या नव्हता. नुसता तो नळ आणि त्याच्याशी झालेली झटापट.

बाई बघत राहिल्या. मागं पावलं वाजली. अप्पा रुमाल विसरला म्हणून परत आले होते आणि आता दारात थिजले होते.

"द्या तो," ते म्हणाले.

बाईंनी गाठ सोडायला घेतली. सुटेना. "हात बघू," त्या म्हणाल्या.

"काही गरज नाही."

"अप्पा, हात बघू."

त्यांनी उजवा हात पुढं केला. बोटांचे सांधे सुजून गाठी झालेल्या, अंगठा आत वळलेला. मूठ मिटत नव्हती. डावा फारसा बरा नव्हता.

"कधीपासून?"

"थंडी सुरू झाल्यापासून. एरवी चालतं. पेपर उलटतो, चमचा धरतो. गोल वस्तू धरवत नाही." त्यांनी मागं बघून आवाज खाली आणला. "घरात माहीत नाही. आणि तुम्ही सांगायचं नाही."

"का?"

"का म्हणजे? उद्या सांगितलं की परवापासून कुणीतरी आत येणार. आज नळ सोडून द्यायला, उद्या पाठ चोळायला, तेरवा स्टुलावर बसवून अंग पुसायला. माझ्या थोरल्या भावाचं तसंच झालं. माणूस बोलायचाच बंद झाला हो. सून चांगली आहे माझी, म्हणून तर भीती. ती लगेच पदर खोचून उभी राहील." खोकल्याची उबळ आली, ती त्यांनी दाबली. "गार तर गार. दार लावून आहे तोवर माझी आंघोळ माझी आहे."

बाईंना भडभडून आलं आणि त्याच क्षणी भयंकर रागही आला. पंधरा दिवस! चार खेपा! चोवीस मजले! हातातला नवाकोरा पडदा फुकट गेला, आणि हे गृहस्थ तोंड वर करून 'पूर्ण' म्हणत होते!

"अप्पा, तुमची आंघोळ तुमची, मान्य. पण माझं काम माझं आहे ना?" त्यांनी खिशातून तक्रारीचा कागद काढून समोर धरला. "हे बघा. कारण लिहायचं आहे. तीनच घरं आहेत. यंत्र, बसवणी, ग्राहक. यंत्र लिहिलं तर उद्या ते तपासायला नेतील आणि त्यात काही निघणार नाही. मग उरली बसवणी, म्हणजे मी. आज सही नाही झाली तर माझं नाव यादीतून जातंय. परत फोनवर बसवतील. जन्मभर लोकांना विचारत बसायचं, नळ पूर्ण सोडलाय का, आणि लोक जन्मभर मला खोटं सांगणार."

अप्पांनी कागदावरची तिन्ही घरं वाचली.

"नळ खराब होता म्हणून लिहा," ते म्हणाले.

"वहिनींनी दोन बोटांनी फिरवलाय तो. त्या सही करतील?"

"नाही करणार," अप्पा म्हणाले. "ती हुशार आहे."

"काय झालं? सापडलं का?" सूनबाई बोळात येऊन उभ्या राहिल्या. हातात चहाचा कप. "काय कारण निघालं बाई?"

बाईंनी पेन उघडलं. कागद भिंतीला टेकवला. तीन घरं समोर होती आणि पेन कुठल्याच घरात उतरेना. ग्राहक, असं लिहिलं की पुढं सविस्तर खुलासा लिहायचा, आणि खुलासा वाचून सही करायची सूनबाईंनी. बसवणी लिहिलं की झालं. एक शब्द. बाईंनी पेन बसवणीच्या घराशी नेलं, मागं घेतलं, स्वतःलाच मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या. दोन वर्षांच्या कामावर एका रुमालापायी काट मारायची? आणि का म्हणून? हा म्हातारा कोण लागतो माझा?

"बाई, लिहिताय ना?"

"लिहिते हो! शब्द आठवतेय!"

"ग्राहक लिहा," अप्पा म्हणाले.

दोघींनी वळून पाहिलं.

"अप्पा, तुम्ही शाल घेऊन बसा बरं," सूनबाई म्हणाल्या.

"तू इकडं ये. आत ये. हे बघ." अप्पांनी रुमालासकट त्या गोल मुठीवर हात ठेवला. "आता पूर्ण सोडतो." त्यांनी दोन्ही हात लावले. खांदे वर आले, मानेची शीर फुगली. हात घसरला. परत धरला. नळातून दोऱ्याएवढी धार आली आणि गॅलरीत टिकसुद्धा झालं नाही. "हे माझं पूर्ण," अप्पा म्हणाले. "चौतीस वर्षं लोकांची खोटी मापं पकडली, आणि या बाईंना चारदा खोटं माप दिलं. त्यांचं काम चोख आहे. माझे हात गेलेत."

सूनबाईंनी कप बाईंच्या हातात दिला.

"महिनाभर?" त्या म्हणाल्या. "महिनाभर गार पाण्यानं? या थंडीत? आणि मी बाहेरून विचारतेय, अप्पा, नळ पूर्ण सोडलाय ना, आणि तुम्ही—" पुढचं त्यांना बोलवेना. मग एकदम चिडून म्हणाल्या, "मला सांगायचं नाही? मी काय परकी आहे?"

"परकी असतीस तर सांगितलं असतं," अप्पा म्हणाले.

सूनबाई रडायला लागल्या. अप्पा नळाकडं बघत उभे राहिले. बाई दुसऱ्याच्या चहाचा कप धरून मध्ये अडकल्या होत्या, आणि त्यांना हे अजिबात सहन होईना.

"वहिनी, रडणं नंतर!" त्या जवळजवळ ओरडल्याच. "हात गेले तर गेले, कोपर आहे ना? दांडीचा नळ मिळतो. लांब दांडीचा, दवाखान्यात असतो तसला. मूठ लागत नाही, नुसता ढकलायचा. एवढंच होतं तर पहिल्या दिवशी बोलायचं! खालच्या दुकानात असेल. आणते मी."

"पण तो या नळांना मॅच—" सूनबाईंनी नाक पुसलं. आपलं आपल्यालाच काय वाटलं कोण जाणे. "दोन्ही बदला. गारचाही."

बाई सहा मजले उतरल्या आणि चढल्या. चढताना त्यांनी लिफ्टवाल्यांचा, नळवाल्यांचा, साहेबांचा आणि जगातल्या झाडून सगळ्या गोल वस्तूंचा उद्धार केला. पाणी बंद करून जुने नळ काढले, आट्यांवर पांढरी फीत गुंडाळली, नवे नळ घट्ट केले. वितभर दांडी. दिसायला अगदी सुमार.

अप्पांनी बाही वर केली आणि कोपरानं दांडी ढकलली. पाणी बादलीत धो-धो आदळलं. गॅलरीत टिक-टिक, भप्प. बाईंनी जाऊन खिडकीतून पाहिलं. ज्योत ताठ होती. दोन मिनिटं, तीन मिनिटं, हलली नाही.

"आता जा आंघोळीला," त्या म्हणाल्या. "तिसऱ्यांदा."

अप्पांनी टॉवेल घेतला, आत गेले आणि दार ओढून घेतलं.

"अप्पा," सूनबाई पुढं झाल्या, "कडी नका लावू. नुसतं लोटून घ्या, मी इथं बाहेर—" आणि त्या थांबल्या.

आतून कडीचा आवाज येत होता. कडी जुनी, आखूड दांड्याची. सरकली, अडली. परत सरकली, परत निसटली. सूनबाईंचा हात दाराकडं गेला आणि दारापासून बोटभर अंतरावर राहिला. आत दम लागलेला ऐकू येत होता. बाईंना वाटलं, आता वाजवणार दार, आता म्हणणार, राहू द्या. सूनबाईंनी ओठ घट्ट मिटले. कडी पुन्हा घासली. कितीतरी वेळ घासत राहिली.

मग खट्ट झालं.

सूनबाईंनी हात खाली घेतला. आत पाणी सुरू झालं, धो-धो, आणि झरोक्यातून वाफ बाहेर यायला लागली. बाईंनी कागद पुढं केला. 'ग्राहक' या घरात खूण होती आणि खुलाशाच्या ओळीवर एवढंच लिहिलं होतं: 'नळ बदलला.' सूनबाईंनी वाचलं, बाथरूमच्या दाराकडं पाठ केली आणि सही केली.